पाणी कोणत्या खात्याचे?

अन्न, पाणी, ऊर्जा आणि पर्यावरण यांचा एकत्रित विचार व्हावा, असे जगभरचे विद्वान सांगतात. वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवी या बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्री तो ५ ऑक्टोबर २०२४ रोजी जवळपास उरकलाच: पंतप्रधानांच्या एकाच दौऱ्यात पीएम-किसानचा १८वा हप्ता सुटला, राज्यातल्या एकूण १९ मेगावॉटच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले आणि बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटनही. उरले पाणी. काळ्या पाषाणाच्या या मुलखात ते खडकाच्या भेगांत मुरेल तेवढेच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत किमतीचा फार तर दहा टक्के हिस्सा भरला की पंप मिळतो. सूर्य वीजबिल पाठवत नाही, म्हणून उपसा थांबवायलाही कारण उरत नाही. भूजलाचा हिशेब दुसऱ्या खात्याकडे, सोयाबीनचा भाव तिसऱ्याकडे.

कोणी म्हणेल, रात्री साप-विंचवांतून मोटार सुरू करायला जाणे तरी टळले. खरेच, आणि ते सुख लहान नव्हे. कोणी ‘पोकरा’ या राज्याच्या हवामान-अनुकूल शेती प्रकल्पाकडे बोट दाखवील: तिथे कृषी खात्याने आयआयटी मुंबईला सोबत घेऊन गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला. हेही खरे, पण ताळेबंद सल्ला देतो, अनुदान पंप देते, आणि शेतकरी हाती पडेल ते घेतो. त्याचे काय चुकले? एकेकाळी लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या, वाटेवर धान्य, मीठ, चारा आणि पाणवठा यांचा मेळ घालणारे बंजाऱ्यांचे लमाण तांडे विद्वानांचा हा आंतरविद्याशाखीय अभ्यास चालता चालता करत. हिशेब चुकला तर बैल मरत, त्यामुळे अहवालाला मुदतवाढ मागायची सोय नव्हती.