उशाशेजारच्या अमेरिकन साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. डिजिटल क्लॉक-रेडिओसाहेब,
मुक्काम : पलंगाची डावी बाजू, स्टुलावर,
पुणे.

विषय : आपल्याशी जुळवून घेण्यासाठी घरातल्या मंडळींनी आजवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल.

महोदय,

सा. न. वि. वि.

घरात नवं माणूस आलं की त्यानं घरच्या रीतीभाती शिकून घ्यायच्या, असा आमच्याकडे प्रघात आहे. आपल्या बाबतीत तो पहिल्याच दिवशी रद्द झाला. आपण न्यूजर्सीहून, आमच्या पुतण्याच्या बॅगेतून आलेले. अंगावर लाल अंक, कपाळावर ‘ऑटो सेट’ ही पदवी. तेव्हा शिकायचं ते आम्हीच, हे कुणी न सांगताच ठरून गेलं. त्या शिक्षणात आमची प्रगती कुठवर आली, ते आपल्या कानी घालावं म्हणून हा पत्रप्रपंच. तो उघड एवढ्यासाठी, की आपले भाऊबंद या शहरात अनेकांच्या उशाशी बसलेले आहेत आणि तिथली मंडळी ‘परदेशातून आणलंय हो एवढ्या प्रेमानं’ या संकोचापायी गप्प आहेत.

आधी आपल्या आहाराविषयी. आपल्याला १२० व्होल्ट लागतात. आमच्या भिंतीतून २३० येतात. म्हणून बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास हिंडून, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर पैदा केला. त्याला पलंगाखाली जागा देण्यासाठी लोकरीच्या कपड्यांची ट्रंक माळ्यावर गेली. तो रात्रभर गुणगुणतो. दुकानदारानं पैसे घेताना सांगितलं होतं, “काका, हा फक्त व्होल्टेज उतरवतो. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.” बाकीचं म्हणजे काय, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तेव्हा आपल्या मते अजून पहाट व्हायची होती.

बाकीचं म्हणजे फ्रिक्वेन्सी. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, आमची ५०. आपण भिंतीतल्या विजेची आवर्तनं मोजता आणि साठ भरली की एक सेकंद झाला असं जाहीर करता. पद्धत खानदानी आहे, यात शंका नाही. १९१६ साली हेन्री वॉरन या गृहस्थानं विजेच्या आवर्तनांवर चालणारं घड्याळ केलं, वीज कंपन्यांना आवर्तनांचा हिशेब चोख ठेवायला लावलं, आणि तिथल्या घरोघरी भिंतीतून वीज आणि वेळ एकदमच येऊ लागली. आपलं मोजणं आजही बिनचूक आहे. फक्त साठ आवर्तनं भरायला आमच्याकडे एक सेकंद आणि वर पाचवा हिस्सा लागतो. त्यामुळे आपण तासाला १० मिनिटं आणि दिवसाला ४ तास मागे राहता. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा खरं बोलतं. आपला योग तीन दिवसांतून एकदा येतो, आणि त्यातही एक आड एक वेळा सकाळची संध्याकाळ झालेली असते.

आपल्याला बदलण्यापेक्षा वीजच बदलता येईल का, याचाही विचार झाला. पण ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून अख्खा भारत एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी म्हणून कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात माणसं रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. ‘आमच्या स्टुलावरच्या पाहुण्यांसाठी तेवढी ६० करा’ असा फोन त्यांना करायचं धाडस आमच्या सौभाग्यवतींनाही झालं नाही. आणि त्या सोसायटीच्या चेअरमनना फोन करतात.

मग राहिलं गणित. रात्री १० वाजता आपल्याला बरोबर वेळ लावून दिली, तर खऱ्या सकाळी ६ वाजता आपण ४:४० दाखवता. म्हणजे सहाला उठायचं असेल तर गजर ४:४० चा लावायचा. साडेदहाला झोपलो तर ४:४५ चा. नव्वद मिनिटांनी आपण गाणी थांबवून झोपाल असं बटण दाबलं, तर १०८ मिनिटं गात राहता. अशा नोंदींचा एक कागद आम्ही कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. पाहुणे तो पंचांगाचा उतारा समजतात.

या गणितात एक अपवाद आहे आणि तो आपल्या स्वभावावर प्रकाश टाकतो. वीज गेली की आपला चेहरा काळाठिक्कर पडतो. पण पोटातला बटण-सेल आणि क्वार्ट्झचा स्फटिक जागे होतात आणि तेवढा वेळ आपण अगदी अचूक काळ मोजता! थोडक्यात, आपण दिसत असता तेव्हा चुकत असता, आणि बरोबर असता तेव्हा दिसत नाही. एखाद्या रात्री तासभर वीज गेली, की आपला ४:४० चा गजर खऱ्या ५:४८ ला होतो. त्या बारा मिनिटांचा राग आम्ही आपल्यावर काढत नाही. वीज कंपनी आहेच.

वेळेच्या बाबतीत हट्ट करणारे आपण काही पहिले नव्हे, हेही नमूद करायला हवं. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईनं आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपला. तो ३९ मिनिटं मागे असे. फरक इतकाच, की मुंबईचा हट्ट ३९ मिनिटांवर ठाम होता. आपला तासागणिक वाढतो. शिवाय आपल्या टाइम झोनच्या यादीत ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक असे प्रदेश आहेत आणि प्रत्येकात पूर्ण तासाचं अंतर आहे. ग्रीनिचपासून साडेपाच तासांचा हिशेब ठेवणारा देश जगात असेल, ही कल्पनाच आपल्या कर्त्यांना शिवली नाही. त्यामुळे ‘ऑटो सेट’ या पदवीतला ‘ऑटो’ म्हणजे रोज रात्री चष्मा लावून, एक बटण दाबून धरून, दुसऱ्यानं मिनिटं पुढे सरकवणारे आम्ही. मिनिटं फक्त पुढेच जातात. एक जास्त झालं की पुन्हा अख्खी प्रदक्षिणा.

आता आपल्या मुख्य व्यवसायाकडे, म्हणजे रेडिओकडे वळतो.

आपल्या देशात एफएमची सगळी स्टेशनं ८८.१, ८८.३ अशी विषम आकड्यावर संपतात. म्हणून आपलं बटण दोन-दोन दशांशांची उडी मारतं. पुण्याची विविधभारती १०१ वर लागते. आपण १००.९ वर थांबता आणि तिथून टुणकन १०१.१ वर जाता. अलीकडूनही ऐकून पाहिलं आणि पलीकडूनही. निवेदिकेचा प्रत्येक ‘स’ दोन्हीकडून फुटतो. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे. तिलाही आपल्या घरात दार नाही. उलट ९१.१, ९३.५, ९८.३ ही खासगी मंडळी आपल्या उंबरठ्यावर बरोबर बसतात. म्हणजे टू बीएचके, सोन्याची घडणावळ आणि बारावीचे क्लास यांच्या जाहिराती आमच्या उशाशी स्वच्छ, खणखणीत ऐकू येतात. आकाशवाणी आणि विद्यापीठ मात्र आपल्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत पडलेले. आपण हे मुद्दाम करत नाही, हे आम्ही जाणतो. पण मुद्दाम करायचं ठरवलं असतं, तरी याहून नेमकं जमलं नसतं.

मीडियम वेव्हची कथा अधिक प्राचीन आहे. १९७५ च्या जिनिव्हा करारानं युरोप, आफ्रिका आणि आशियातली स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं मांडायची ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ती तशी मांडली गेली. अमेरिका दहावरच राहिली. आम्ही नवाच्या पाढ्यातले, आपण दहाच्या. पुणे केंद्र ७९२ वर, म्हणजे नऊ अठ्ठ्याऐंशी. आपण देता ७९०. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, म्हणजे नऊ बासष्ट. आपण देता ५६०. दोनचा फरक आपल्याला किरकोळ वाटेल. पण २ ऑक्टोबर १९५३ पासून बोलत असलेलं पुणे केंद्र आपल्या तोंडून सर्दी झाल्यासारखं बोलतं. त्यात आमचेच एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आपली खरखर मिसळतात. त्याचा दोष आपल्याला देणार नाही.

मातोश्रींना सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं प्रादेशिक बातमीपत्र लागतं. ते ऐकल्याशिवाय त्या चहाला साखर किती हेही सांगत नाहीत. आपल्या पोटातली फेराइटची कांडी एका विशिष्ट दिशेलाच कान देते; आणि आमच्या खोलीत ती दिशा साधायची तर आपल्याला काटकोनात वळवावं लागतं. म्हणजे बातम्या ऐकायच्या तर वेळ दिसत नाही, आणि वेळ बघायची तर बातम्या ऐकू येत नाहीत. अर्थात दिसते ती वेळ चुकीचीच असल्यानं यात आमचं नुकसान काहीच नाही. एफएमसाठी आपल्या पाठीतून निघालेली वायर पडद्याच्या दांडीवर चढवली आहे. ती तिथून सरकली की घरातलं कोणीतरी उठून हात वर करून उभं राहतं. सध्या ही सेवा नातवाकडे आहे. तो उंच आहे.

आपल्या तेजाबद्दल दोन शब्द. उजेडासाठी आपण ‘हाय’ आणि ‘लो’ असे दोन पर्याय दिले आहेत. हायमध्ये वर्तमानपत्र वाचता येतं, लोमध्ये फक्त मथळे. सौभाग्यवतींनी आपल्याला एक विणलेला रुमाल घातला; त्याच्या भोकांतून आता भिंतीवर लाल नक्षी उमटते. आणि आपल्या अंगावरची सगळी बटणं मुगाएवढी असताना स्नूझचं तेवढं तळहाताएवढं का, याचं उत्तर मनुष्यस्वभावात आहे. १९५६ साली त्याच वॉरनच्या टेलेक्रॉन घराण्यानं आणि जनरल इलेक्ट्रिकनं मिळून माणसाला ९ मिनिटांची ही सवलत दिली. आमच्या विजेवर ती १० मिनिटं ४८ सेकंदांची होते. आपल्या भारतातल्या वास्तव्याचा हा एकमेव निखळ लाभ, आणि तो आम्ही रोज घेतो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मात्र आपण हद्द केलीत. रातोरात एक तास पुढे गेलात! चौकशी केली तेव्हा कळलं, की उन्हाळी वेळ पाळण्याची ही आपली जन्मजात सवय असून ती सोडवायचं बटण आपल्या अंगावर नाही. आणखी खोलात गेल्यावर जे समजलं, ते लिहिताना संकोच वाटतो. २००५ साली आपल्या देशानं कायदा केला आणि २००७ पासून तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाऊ लागली. आपल्या पोटात अजून जुने रविवार कोरलेले आहेत, एप्रिलचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा. म्हणजे आपण न्यूजर्सीतसुद्धा दर वर्षी काही आठवडे तासभर चुकत होतात. पुतण्यानं घर बदलताना एवढी प्रेमळ आठवण का काढली, त्याचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला.

असो. आपल्याला परत पाठवायचं भाडं आपल्या किमतीहून जास्त आहे, आणि ट्रान्सफॉर्मरचे पैसे तर गेलेच आहेत. सबब पुढील अटींवर आपलं वास्तव्य कायम करण्यात येत आहे :

१. वेळ आपण आपल्या समाधानासाठी दाखवावी. ती आम्ही मानलीच पाहिजे, असा आग्रह धरू नये.

२. गजराची जबाबदारी आपल्याकडे राहील. उणे-अधिक आम्ही कागदावर पाहून घेऊ.

३. १०१ आणि ७९२ यांच्यासाठी गोल चाक असलेला एक छोटा ट्रान्झिस्टर नेमण्यात आला आहे. चाकाला दोनाच्या आणि दहाच्या उड्या माहीत नसल्यानं ते कुठेही थांबतं. त्याला आपल्यापासून हातभर लांब ठेवलं आहे, कारण आपल्या लाल अंकांजवळ नेलं की मीडियम वेव्हवर ते किरकिरू लागतं. हा मत्सर मानू नये. आपल्या अंकांतून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाचा तो परिणाम आहे.

४. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपण एक तास परत कराल, तो घरात सर्वांना समान वाटण्यात येईल.

कळावे, लोभ आहेच. तो सेकंदाला पन्नास या वेगानं स्वीकारावा, ही विनंती.

आपला,
पलंगाच्या डाव्या बाजूचा रहिवासी

ता. क. : काल पुतण्याचा फोन आला होता. “काकू, रेडिओ नीट चालतो ना?” असं त्यानं विचारलं. सौभाग्यवतींनी त्याला सांगितलं, “अगदी बरोबर चालतो रे. आम्हीच इथे सगळे तासाला दहा मिनिटं पुढे पळतो.”