मागच्या सीटचं गणित

हैदराबादेत कोठीच्या फुटपाथवर जुनं पुस्तक घेतलं की विद्वान झाल्यासारखं वाटतं. वाचायचीही गरज नसते, काखेत धरलं तरी पुरतं. मी तर वाचलंसुद्धा. मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन कसं जुळवायचं, यावरचं अमेरिकन पुस्तक. तेव्हापासून मी स्वतःच्या मोटारसायकलीकडे डोळे बारीक करून बघू लागलो.

अमेरिकेतल्या त्या लंबगोल ट्रॅकवर गाड्या डावीकडेच वळतात. त्यामुळे गाडी मुळातच वाकडी रचलेली: मागचं उजवं टायर डाव्याहून मोठ्या घेराचं, शिशाची वजनं डावीकडे. वळणावर भार उजवीकडे कलंडतो, पण डाव्या मागच्या चाकानंही माती धरलीच पाहिजे. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. तो जरासा वरखाली केला की गाडीचा स्वभावच पालटतो. पण खरी मेख पुढेच आहे. आपली वाहतूक डावीकडून, म्हणजे चौकातल्या बेटाला वळसा उजवीकडे. म्हणजे हे आख्खं शास्त्र कोठीत आरशात धरून वाचायला हवं! हा शोध मी इराणी हॉटेलात तिघांना ऐकवला. एकानं माझ्या चहाचे पैसे दिले आणि तिघंही उठले.

डावीकडचं वजन मात्र माझ्याकडे तयार होतं. आई. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, त्या जुन्या संस्थेला शोभेल अशा निष्ठेनं, ती पुस्तकं बदलायला जाते. दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. मागचे शॉकअप मी शेवटच्या खाचेपर्यंत चढवले. शर्यतीत ढिलाई चालत नाही.

मेकॅनिकनं वाकून पाहिलं. "साब, ये लास्ट वाला दो पैलवानां बैठे तो रखते. पीछे कौन बैठते?"

"आई."

"अम्मा कू पूछे क्या?"

नव्हतं विचारलं. ती फक्त "आलं का रे?" म्हणायची, आणि मला ती वाचनाची ओढ वाटायची. खणलेला आणि घाईत बुजवलेला रस्ता, रातोरात उगवलेला गतिरोधक, हे चालवणाऱ्याला आधी दिसतं. तो पायांवर उठतो. मागच्याला काहीच दिसत नाही. सगळं थेट मणक्यात. शर्यतीच्या गाडीला मागची सीटच नसते, मग पुस्तकात तिच्याबद्दल ओळ कुठून असणार? आणि रस्ते खणणाऱ्यांनी तर ते पुस्तकही वाचलेलं नाही.

मेकॅनिकनं हूकपाना लावून दुसऱ्या खाचेवर आणलं. यानं स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त ती आधीच किती दाबलेली आहे ते बदलतं, असं मी त्याला समजावलं. "हौ," म्हणाला आणि पैसे घेतले.

पुढच्या खेपेला सुलतान बाजाराशी आई म्हणाली, "रस्ता नवा केला वाटतं."

"रस्ता नाही, सस्पेन्शन," म्हणत मी मान वळवून पॅनहार्ड रॉडपासून सुरुवात केली.

"पुढे बघ," ती म्हणाली.