संगणकाचा जीर्णोद्धार

संगणक मंदावला की घरात जीर्णोद्धारवादी आणि नवखरेदीवादी असे दोन पंथ उभे राहतात. पहिल्याच्या मते फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली जलद साठवण, बसवली की यंत्र तरुण होते. आणि हे बहुतांशी खरेही आहे. घोडे अडते ते पुढे. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मूळ पाटीवर, बसत नाही. नवी पाटी घ्यावी तर तिच्यात जुनी डीडीआर३ रॅम शिरत नाही. मग वीजपुरवठ्याचा डबाही अपुरा पडतो, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणक-बाजाराच्या फेऱ्यांअंती मूळ संगणकापैकी पत्र्याची पेटी व तिच्यावरचा गणपतीचा स्टिकर तेवढा उरतो, तरी ‘जुनाच वापरतो’ हे समाधान अबाधित राहते. दुसऱ्या पंथाची बाजू मायक्रोसॉफ्टनेच लढवली: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-यंत्रणा, अनिवार्य असल्याने अनेक धडधाकट यंत्रे कागदोपत्री वृद्ध झाली. रॅम आणि एसएसडीपर्यंत डागडुजी परवडते. पाटी बदलायची वेळ आली की नवा संगणक घ्यावा, मात्र एसएसडी काढून घेतल्याखेरीज जुना भंगारवाल्याला देऊ नये.