टक्के कशाचे?

म्हाताऱ्या माणसांना टक्केवारी जमत नाही, असा एक समज घरोघरच्या तरुण मंडळींनी पसरवला आहे. ज्या पिढीने ‘द. सा. द. शे. 12 दराने’ अशी उदाहरणं पाटीवर आणि छडीच्या टप्प्यात बसून सोडवली, तिच्याबद्दल असं बोलणं जरा अतीच झालं. आमच्या वडिलांना तर पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात, हे सांगितलं तर नातू आता माझ्याकडे काळजीने पाहतो.

अडचण गणिताची नाहीच. शाळेतल्या उदाहरणात मुद्दल पहिल्याच ओळीत असायचं. अमक्याने सावकाराकडून 500 रुपये घेतले, हे सरळ सांगून मगच व्याजाचा विषय निघायचा. हल्ली टक्का ढोल वाजवत पुढच्या दाराने येतो आणि मुद्दल मागच्या दाराने पसार होतं.

आमच्या बागेतल्या बाकावर एक निवृत्त मास्तर बसतात, गणिताचेच. टक्क्याची कुठलीही बातमी आली की ते एवढंच विचारतात, “कशाचे?” आणि पुन्हा शेंगदाणे खायला लागतात. या सवयीपायी त्यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असते.

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा उठला तो साडीवरून. दुकानाबाहेर फलक होता : ‘50 टक्के + 20 टक्के सूट’. हिने 70 टक्के धरले आणि 2,000 ची साडी 600 ला पडणार म्हणून तेवढेच पैसे मुठीत ठेवले. दुकानदाराने 800 लावले. आधी निम्मी किंमत, म्हणजे 1,000. मग त्या उरलेल्या हजाराचे 20 टक्के, म्हणजे 200. एकूण सूट 60 टक्केच. हिचं म्हणणं, अधिकचं चिन्ह तुम्हीच काढलंय, आता बेरीज करा. मला तिचंच बरोबर वाटतं. दुकानदाराचा हिशेब चोख होता, पण चिन्ह लबाड होतं. साडी अर्थातच घेतली. दोन घेतल्या.

विम्याचं प्रकरण याहून रंगलं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. तात्यांचा हप्ता करासकट 23,600. बाकावर बसल्याबसल्या त्यांनी 18 टक्के काढले आणि ते कसे काढले हे पाहण्यासारखं होतं. शेवटचं शून्य झाकलं, 2,360 म्हणजे 10 टक्के. दुप्पट, 4,720 म्हणजे 20 टक्के. त्यातून 2 टक्क्यांचे 472 वजा. उत्तर 4,248. कागद नाही, पेन नाही, मोबाइल खिशात. म्हणजे नवा हप्ता 19,352 यायला हवा. आला 20,000. तात्यांनी 648 रुपयांसाठी एजंटाला बागेत बोलावून घेतलं.

मास्तर म्हणाले, “18 टक्के कशाचे?”

“माझ्या हप्त्याचे!”

“नाही. मूळ हप्ता 20,000. कर त्याच्यावर होता, 3,600. तो गेला. आता 23,600 तून 3,600 जाणं म्हणजे 15 टक्क्यांहून जरासं जास्त.”

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे चढताना 18 आणि उतरताना 15? मधले तीन कोणी खाल्ले?” मास्तर समजावायला सरसावले, तेवढ्यात एजंटाने चपला घातल्या.

पेन्शनवाल्यांचंही तेच. केंद्राचा महागाई भत्ता जानेवारी 2024 मध्ये 50 टक्के होता, जुलैपासून 53 झाला. ‘तीन टक्क्यांनी वाढला’ म्हणून बाकावर पेढे आले. मूळ पेन्शन 30,000 असेल तर आधी 45,000 मिळत होते, मग 45,900 झाले. नऊशे रुपयांची वाढ, म्हणजे हातात येत होतं त्याच्या दोनच टक्के. मास्तरांनी हे पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पण खरा गोंधळ दवाखान्यात होतो. 35 ला पास, 60 ला फर्स्ट क्लास, 75 ला डिस्टिंक्शन हे शाळेने आमच्या डोक्यात असं ठोकलंय की रिपोर्टसुद्धा आम्ही निकालासारखे वाचतो. नानांच्या टू-डी इकोत ‘ईएफ 60 टक्के’ आलं. हृदय 40 टक्के कामातून गेलं, असा अर्थ लावून त्यांनी मुलाला पुण्याहून बोलावलं आणि त्याला कपाटाच्या किल्ल्या दाखवायला सुरुवात केली. डॉक्टर हसले. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचा हा टक्का. तो कप्पा निरोगी माणसाचाही पूर्ण रिकामा होत नाही. 60 म्हणजे उत्तम. नाना बोर्डात आले होते आणि रडत होते.

उलट बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 85 दिसले तर शाळेच्या हिशेबाने पेढे वाटायचे. इथे थेट दवाखाना गाठायचा. आणि एचबीएवनसीच्या पेपरात तर जास्त मार्क मिळवणाराच नापास. साडेसहाला मधुमेहाची रेषा लागते. मास्तरांचे 7.8 आले, तेव्हा अख्ख्या बाकाने एका सुरात विचारलं, “कशाचे?”

“जिलेबीचे,” मास्तर म्हणाले.

(खरं उत्तर : साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे. पण त्या दिवशी ते कोणाला ऐकायचं नव्हतं.)

तेव्हा मंडळी, रिपोर्ट हातात आला की शेजारच्या रकान्यात नॉर्मल काय ते छापलेलं असतं, ते आधी वाचा आणि मगच मुलाला फोन करा. एसटीत आपल्याला 65 नंतर निम्मं तिकीट, पंचाहत्तरी झाली की तेही नाही. मुलाला मात्र पूर्ण पडतं.