सुनेवरचा आळ

माल्मो, स्वीडन
१० एप्रिल

ती. बाबांस,
मृणालचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, रविवारी फोनवर तुम्ही जे ऐकलंत ते आई बोलल्याच नव्हत्या. आई म्हणाल्या होत्या, "मृणाल मला कसलाच त्रास देत नाही, आता तर घरी परत जावंसंच वाटत नाही." सांगलीत पोचलं ते असं : "मृणाल मला... त्रास देत... घरी परत जावंसं... वाटत..." दोन्ही 'नाही' वाटेत गळाले. तुम्ही लगेच पुण्याला ताईंना फोन केलात, ताईंनी नाशिकच्या मावशींना केला, आणि सोमवारी सकाळी मी डोळे उघडले तर 'सासूला आई माना' अशा मथळ्याचा व्हिडिओ माझी वाट बघत होता. पाठोपाठ चुलतसासूबाईंचा प्रेमळ प्रश्न, "सगळं ठीक ना गं?" हा प्रश्न किती ठीक असतो ते तुम्हाला माहीतच आहे.

तर आधी तिकिटाची चौकशी थांबवा. खरा गुन्हेगार सापडलाय. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुम्ही चष्मा शोधेपर्यंत ताईंनी त्याचा सारांश तुम्हाला सांगितला असता. म्हणून कागद.

आईंना इथं येऊनही पहाटे जाग येते आणि जाग आली की कीर्तन लागतं. आमच्या इमारतीत रात्री दहा ते सकाळी सात आवाज करायचा नाही असा नियम आहे, आणि तो जिन्यात फळ्यावर लावलेला आहे. खालच्या मजल्यावरचे आजोबा सज्जन आहेत, तक्रार करत नाहीत. पण एकदा जिन्यात भेटले तेव्हा "सकाळी कोण गातं? छान गातात," म्हणाले. इथली माणसं तक्रार अशीच करतात. त्याच संध्याकाळी तुमच्या लेकानं, अमेयनं, आईंसाठी बिनवायरचे हेडफोन आणले. किंमत आईंना क्रोनामध्ये सांगितली आहे, तुम्ही गुणाकार करू नका.

आणि मग आवाज तुटायला लागला. बुवा 'विठ्ठ' म्हणायचे आणि 'ल' यायच्या आत आई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये पोचलेल्या असायच्या. गंमत बघा, या हेडफोनचं ब्लूटूथ जन्मलंय आमच्या शेजारी. इथून ट्रेननं जेमतेम पाव तासावर विद्यापीठाचं गाव आहे, तिथं एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन नावाच्या डच इंजिनिअरनं १९९४ साली त्यावर काम सुरू केलं. नाव घेतलं दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ नावाच्या डेन्मार्कच्या राजाचं. तो डेन्मार्क आमच्या समुद्रकिनाऱ्यावरून समोर दिसतो. एवढं सगळं जवळ असून आमच्याच घरी ते अडखळतं म्हटल्यावर अमेयच्या इंजिनिअरच्या नोकरीवरच प्रश्नचिन्ह आलं. "तू तिथं करतोस काय दिवसभर?" असं आईंनी त्याला सरळ विचारलं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर औषधं यायला लागली. तुम्ही 'उजव्या बाजूनं टपली मारा' म्हणालात. मावशींनी मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितलं. ताईंच्या मुलानं 'नवीन घ्या' एवढंच लिहिलं, त्याला अजून पगार सुरू व्हायचाय. अमेयनं शास्त्रोक्त उपचार केले. पूर्ण चार्ज केलं, हेडफोनची ओळख फोनमधून पुसून पुन्हा जोडलं, कंपनीचं अ‍ॅप घालून आतलं सॉफ्टवेअर नवं केलं. यानं थोडा फरक पडला हे मान्य. यंत्र बिघडलंय म्हणायच्या आधी एवढं करावंच. पण नंतर त्याला चेव चढला. फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' म्हणून एक ओळ असते, तिच्यावर सात वेळा बोट मारलं की लपवलेला कप्पा उघडतो. तो त्यानं उघडला आणि आवाजाचा दर्जा सर्वांत वर नेऊन ठेवला. एलडॅक नावाची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिट. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं कीर्तन, ज्यात बुवांपेक्षा मागचा पंखा जास्त ऐकू येतो, ते ९९० किलोबिटनं! पंखा अप्रतिम यायला लागला. बुवा आणखी तुटायला लागले. कारण जेवढा माल जास्त, तेवढा तो वेळेत पोचवणं अवघड. त्याच पद्धतीत ६६० आणि ३३० अशाही पायऱ्या आहेत. आता ३३० वर आहे आणि आईंना फरक कळलेला नाही. अमेयला कळतो म्हणे. त्याला काय कळतं ते आपण दोघंही जाणतो.

खरा तपास आईंनी केला. त्यांनी काय केलं, आपलं कालनिर्णय काढलं, आणि जिथं तुम्ही दुधाचा हिशोब लिहिता त्या चौकोनांत आवाज केव्हा तुटतो ते पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. मी त्यातलं जसंच्या तसं उतरवते :

"मंगळ. दूध तापवताना. यंत्र टिंग झालं की बरोबर."
"बुध. बागेत तळ्याशी फार. झाडीत कमी. घरात शिरल्यावर बंद."
"गुरु. अमेय फोटो चढवत होता."
"शुक्र. मध्येच बदक."

बाबा, तुम्ही जन्म टेलिफोन खात्यात काढला, तुम्हाला हे वाचून फॉल्ट कुठं आहे ते कळलं असेल. अमेयला वेळ लागला. पण पटल्यावर त्यानं रात्री बसून सगळं नीट समजावून सांगितलं, ते आता मी तुम्हाला सांगते.

ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तुमच्या वेळी एकेका फ्रिक्वेन्सीसाठी दिल्लीकडे कागद जायचे. या पट्ट्याला घरगुती यंत्रांसाठी परवाना लागत नाही. फुकट जागा म्हटल्यावर काय होणार? वायफाय तिथंच, बिनवायरचा माऊस तिथंच, तुमच्या नातीची, ईराची, खेळण्यातली गाडी तिथंच. दिवाळीतली एसटी डोळ्यांपुढं आणा. ७९ जागांची गाडी. त्यात ब्लूटूथ हा एकटा प्रवासी, हातात रुमाल, आणि तो सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतो. वायफाय म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, चढलं की एका दमात वीसेक जागा अडवतं. अशी तीन वऱ्हाडं गाडीत असली की आपल्या प्रवाशाला उरतं काय? तो हुशार आहे, भरलेल्या जागा लक्षात ठेवतो आणि तिकडे फिरकत नाही. ही अक्कल त्याला २००३ पासून आलीय. पण किमान २० जागा तरी त्याला फिरायला लागतातच. आमच्या हॉलमध्ये फोन उघडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची नावं संपता संपत नाहीत.

जागा बदलत राहण्याची ही युक्ती जुनी आहे. हेडी लामार नावाच्या हॉलीवूडच्या नटीनं जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला हाताशी धरून १९४२ साली तिचं पेटंट घेतलं होतं, पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून. त्यात ८८ फ्रिक्वेन्सी होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. हे ऐकल्यापासून आईंचं मत या तंत्राबद्दल एकदम चांगलं झालंय. "नटीनं केलंय म्हणजे विचार करून केलं असणार," म्हणाल्या.

आता मंगळवार. मायक्रोवेव्हची लहर असते २.४५ गिगाहर्ट्झची, म्हणजे गाडीच्या ऐन मध्यावर. आत आठशे वॅट आणि फोन-हेडफोनचं बोलणं काही मिलिवॅटांत. दारातून किंचितसं जे बाहेर येतं त्यानं आपल्याला काही होत नाही, पण ब्लूटूथच्या कानाशी ते ओरडणंच. आईंचा फोन चार्जिंगला मायक्रोवेव्हच्या डोक्यावर आणि आई दूध गरम करतायत तुमच्याशी बोलत बोलत, असा तो रविवारचा प्रसंग. कीर्तन ऐकताना एखादा तुकडा हरवला तर फोन तो पुन्हा पाठवतो, हेडफोनपाशी क्षणभराचा साठा असतो, बरंच निभावून जातं. फोनवर बोलताना एवढी उसंत नसते, उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग काय? तो टाकूनच देतात. माझी अब्रू अशी टाकून दिली गेली. चार्जर आता हॉलमध्ये आलाय.

बुधवारची गोष्ट मला सर्वांत आवडली. आई रोज पिलडाम्सपार्केन नावाच्या मोठ्या बागेत फिरायला जातात, तिथं मोठं तळं आहे. उघड्यावर आवाज जास्त चांगला यावा असं कुणालाही वाटेल. उलटं आहे. आपलं शरीर बहुतांशी पाणी, आणि पाणी ही लहर शोषून घेतं. फोन कोटाच्या डाव्या खिशात आणि हेडफोनचं ऐकणारं यंत्र उजव्या वाटीत, मध्ये सगळ्या आई. घरात भिंतींवरून, छतावरून आपटून लहर वळसा घालून पोचते. तळ्याकाठी आपटायला काहीच नाही. अमेयनं फोन उजव्या वरच्या खिशात ठेवायला लावला आणि त्या दिवसापासून बुवा तळ्याला अख्खी प्रदक्षिणा घालतात. या उपायाला एक पैसाही लागला नाही, आणि मला विचाराल तर दहातल्या पाच जणांचं दुखणं एवढंच असावं.

गुरुवारचा चोर अमेयच्या टेबलावरच होता. आई संध्याकाळी मालिका त्याच्या लॅपटॉपवर बघतात आणि शेजारीच त्याची फोटोंची हार्ड डिस्क लागलेली असते. ती जलद जातीच्या यूएसबीची. ही जोडणी जोरात काम करायला लागली की तिच्यातून निघणारा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात शिरतो. इंटेलनं २०१२ सालीच याच्यावर कागद काढून ठेवलाय. म्हणजे घरातल्या इंजिनिअरलाच तो वाचायचा राहिला होता. डिस्कला लांब वायर लावून ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पाठवली, झालं. मालिकेतला खलनायक आता पूर्ण धमकी देतो.

बदक ईराचं. हेडफोन एकाच वेळी दोन यंत्रांना जोडून राहू शकतात, आणि कधीतरी तिनं स्वतःची टॅब त्यांना जोडून ठेवलेली. खेळात बदक ओरडलं की अभंग थांबायचा, बदक आटोपलं की पुढं सुरू. आईंना वाटायचं बुवांनीच दृष्टान्त दिला. टॅबची ओळख पुसून टाकली तेव्हा ईरा रडली आणि आईंनी "असू दे गं, बदकाचं काय एवढं" म्हणून पुन्हा जोडू बघितलं. मी नाही म्हटलं. हे 'नाही' तुम्हाला नीट पोचलं असेल अशी आशा आहे, ताईंनाही सांगा.

राहता राहिलं वायफाय. टीव्ही, लॅपटॉप, फोन सगळे ५ गिगाहर्ट्झवर हलवले आणि राऊटर आईंच्या खुर्चीमागून काढून दारापाशी नेला. शेजाऱ्यांच्या वऱ्हाडाचं आपण काही करू शकत नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर कानात ते छोटे बोळे घालून चालता आणि 'ब्लूटूथमध्ये दम नाही' असं सगळ्यांना सांगता. फोन पँटच्या मागच्या खिशात असतो ना? तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, आणि घाटावर मोकळी जागा असल्यानं तुमचंही आईंसारखंच होतंय असं समजा. घरातला स्पीकर राऊटरला चिकटून ठेवलाय तो उचलून खिडकीत ठेवा. लोखंडी कपाटाच्या आत तर मुळीच नको, चोर नेईल म्हणून तुम्ही ठेवता ते मला माहीत आहे. आणि नवे हेडफोन पाठवू नका. हे धडधाकट आहेत. पाठवायचंच असेल तर भडंग पाठवा, दोन पुडे जास्त, कारण एक ईरा फस्त करते आणि एक अमेय लपवतो.

घड्याळं पुढं गेल्यामुळं आता आपल्यात साडेतीन तासांचाच फरक आहे. आई रविवारी तुमच्या रात्री साडेआठला फोन करतील, मायक्रोवेव्ह बंद करून. आईंची तब्येत छान आहे, थंडीला कुरकुरतात पण तुमच्या गुडघ्यापेक्षा कमी.

तुमची सून,
मृणाल

ता. क. : खालच्या आजोबांचं कानाचं यंत्रही ब्लूटूथचं आहे आणि तेही मध्येच तुटतं. आईंनी मला दुभाषी करून त्यांची पूर्ण तपासणी घेतली, आणि नोंदी ठेवायला आपल्या पेटीतलं जास्तीचं कालनिर्णय त्यांना देऊन टाकलं. ते त्यांनी फ्रिजवर लावलंय. काल विचारत होते, लाल अक्षरात छापलेल्या दिवशी आवाज जास्त तुटतो, हे खरं का? मी हसणार होते, पण आईंनी गंभीरपणे मान डोलावली. "रविवार-सणवार लाल असतात. त्या दिवशी सगळी बिल्डिंग घरात, सगळ्यांचं वायफाय चालू, सगळ्यांचे मायक्रोवेव्ह चालू. त्यांना सांग, खरं आहे."