काहीच घडत नाही

पोफळीचा माणूस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडवीत बसून पाऊस बघू शकतो. समोर कुंभार्ली घाट धुक्यात गडप, दिसत काहीच नाही, तरी नजर तिकडेच. कंटाळा आला असं चुकूनही म्हणायचा नाही. त्याच माणसापुढे इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनीचा ‘लाव्हेंतुरा’ हा सिनेमा लावा. पंधराव्या मिनिटाला जांभई देऊन विचारतो, “यात पुढं काही घडतं का?”

परवा पोफळीच्या कॉलनीतल्या एका हॉलमध्ये हेच झालं. गोष्ट म्हणाल तर एवढीच: श्रीमंत मंडळी बोटीतून सहलीला जातात आणि एका खडकाळ बेटावर अ‍ॅना नावाची मुलगी नाहीशी होते. तिचा प्रियकर आणि तिची मैत्रीण तिला शोधायला निघतात आणि शोधता शोधता एकमेकांतच गुंततात. बाकी सगळा समुद्र, वारा, रिकामे रस्ते आणि नायिका मोनिका व्हित्तीचा चेहरा. जवळजवळ अडीच तास. शेजारच्या वहिनींनी दोनदा विचारलं, “अहो, पण त्या पोरीचं काय झालं?” पलीकडे पुण्याहून आलेले त्यांचे भाचेबुवा डोळे अर्धे मिटून “काय ती फ्रेम!” म्हणत होते. दर फ्रेमला. मध्ये वीज जाऊन पडदा काळा झाला असता, तरी म्हणाले असते.

जांभई देणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. 1960 साली कान महोत्सवात, जगभरचे जाणकार जमलेले असताना, याच सिनेमाची हुर्यो उडवली गेली होती. मग दिग्दर्शक रोसेलिनीसह अनेकांनी सह्यांचं पत्रक काढून त्याची पाठराखण केली, ज्युरीनं पुरस्कार दिला आणि 1962 च्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाच्या कौलात तो ‘सिटिझन केन’च्या पाठोपाठ दुसरा आला. हुर्यो ते आरती, अंतर फक्त दोन वर्षं!

त्या संध्याकाळी शहाणपणाचं बोलले ते एकटे वीजकेंद्रातले निवृत्त ऑपरेटर काका. “कंट्रोल रूममध्ये फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासवर स्थिर असला की आम्ही निवांत. काटा हलत नाही म्हणजे मशीन बंद आहे, असं थोडंच?” बोलणं काकांना शोभणारंच. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचं 600 मेगावॉटचं पॉवरहाऊस इथं डोंगराच्या पोटात आहे आणि एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला नुसती झाडी दिसते.

फक्त काकांच्या बोलण्याला एक पुरवणी: बंद मशीनचाही काटा हलत नाही. युरोपातून येणाऱ्या शांत प्रेमपटांत अशी बंद मशीनंही पुष्कळ असतात. नायिका खिडकीशी उभी, नायक सिगारेट ओढतोय, बाहेर धुकं. आत करंट शून्य. भाचेबुवा मात्र दोन्हीला सारख्याच टाळ्या देतात.

चालू मशीन बघायचं तर युरोपात जायलाच नको. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी सिनेमा बघा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, त्यातही नातेवाइकांचं “लग्न कधी?” चालूच, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम, तेही पार्श्वसंगीताशिवाय. हळूच उच्चारलेलं एखादं वाक्य किंवा खांद्यावरचा हात, एवढ्यावर सिनेमा उभा राहतो. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्यानं जागतिक कथापटांच्या विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवला. अभिमानाचे मेसेज धो धो आले. सप्टेंबरात तो थिएटरला लागला, तेव्हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी तिकीट काढलं, ते त्यांनी आपापल्या मनाला विचारावं.

माझं मत वहिनींना. त्या कुरकुरल्या, पण शेवटपर्यंत बसल्या. भाचेबुवा मध्यंतरात फ्रेमचा फोटो स्टेटसला टाकायला रेंज शोधत बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. तेव्हा फ्रेमवाल्यांना एवढंच सांगणं: पुढचा शांत मराठी सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा, कारण दुसऱ्या आठवड्यात तो पडद्यावर असेलच असं नाही.