आधी बदल, मग जन्म

विंडोजमध्ये एखादी जुनी फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि तिचे गुणधर्म उघडा. शेवटचा बदल २०१४ सालचा, निर्मिती आज सकाळची. आधी सुधारणा, मग जन्म! सातबाऱ्यावरच्या नोंदींनाही हे सहजी साधत नाही.

लिनक्सचा साधा सीपी आदेश याहून सडेतोड. वेगळं सांगितल्याशिवाय तो जुनी तारीख ठेवतच नाही. दहा वर्षांची कागदपत्रं एका दुपारीत ताजी टवटवीत! तारखा जपायच्या तर सोबत 'पी' हे अक्षर जोडावं लागतं.

पेन ड्राइव्हवरची फॅट३२ ही फाइल प्रणाली तर पुरती विरक्त. तिथे फाइलला मालक नाही, युनिक्सच्या परवानग्या नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रणालीने नॅनोसेकंदापर्यंत जपलेली बदलाची वेळ इथे दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत बसवली जाते. आणि १९८० पूर्वी जगात काही घडलं होतं, हे फॅटला मान्यच नाही.

मग जाणकार सांगतात, आरसिंक हे कॉपीचं साधन वापरा, 'अर्काइव्ह' पर्याय निवडा. नावावरून वाटतं, आता सगळं सुखरूप पोचणार. पण हार्ड लिंक, एसीएल म्हणजे परवानग्यांच्या याद्या आणि विस्तारित गुणधर्म त्यात धरलेले नाहीत. त्यांच्यासाठी तीन अक्षरं निराळी. थोडक्यात, सर्वसमावेशक, अटी लागू.

फाइलमधला मजकूर ताडणारा चेकसम मात्र दर वेळी छातीठोकपणे प्रमाणपत्र देतो: प्रत मुळाबरहुकूम. तो खोटं बोलत नाही. फाइल कुणाची आणि कधीची, हे पाहणं त्याच्या कार्यकक्षेतच येत नाही.